सात आखूड, एक लांब

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर चढलो त्या संध्याकाळी भोंगा झाला, तेव्हा आम्ही सहा-सात जण लिफ्टची वाट पाहत होतो. सात आखूड, एक लांब. जगातल्या कुठल्याही प्रवासी जहाजावर हा इशारा सारखाच असतो. असाल तिथून निघा, लाइफजॅकेट घ्या आणि नेमून दिलेल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे संकटात जमायच्या जागी, या. आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, "जेवणाची बेल का हो?" सगळे हसले. मीही हसलो.

आमचं मस्टर स्टेशन म्हणजे रात्री जिथे जादूचे प्रयोग व्हायचे ते थिएटर. मखमली खुर्च्यांवर दोनेकशे माणसं बसली. दुपारी आमच्या मजल्यावर टॉवेल देत फिरणारी मुलगी आता पिवळी टोपी घालून स्टेजवर उभी होती. नारिंगी जॅकेटात डोकं कुठून घालायचं, पट्टा पाठीमागून पुढे आणून बकल कसं लावायचं, शिट्टी कुठे, पाण्यात पेटणारा दिवा कुठे, असं तिने एकेक दाखवलं. मग म्हणाली, उडी मारायची वेळ आलीच तर एका हाताने नाक दाबा आणि दुसऱ्याने जॅकेट खाली ओढून धरा, नाहीतर पाण्यावर आपटताना तेच जॅकेट उसळून हनुवटीवर बसतं. पुढच्या रांगेतल्या एका पाचवी-सहावीतल्या पोराने खरंच नाक दाबून पाहिलं. मोठी माणसं फोनमध्ये होती. माझ्या शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "एवढे पैसे मोजून आलो, आणि यांनी शाळेतली कवायत लावली."

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांना जे विकलं गेलं ते तरंगतं हॉटेल होतं. जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता, बुफे होता, सूर्यास्त होता. समुद्र होता तोही खिडकीबाहेरचं चित्र म्हणून. हॉटेलात आग लागली तर माणूस जिना उतरून रस्त्यावर येतो. जहाजाला रस्ता नसतो. खाली उतरायचं तर बोटीत, नाहीतर पाण्यात, आणि तेही अंधारात, कललेल्या जमिनीवरून, हजारो अनोळखी माणसांबरोबर. क्रूझ जहाजांवर जे अपघात झाले त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी मुळाशी हाच विसर दिसतो, की हे जहाज आहे. प्रवाशांना पडतो तसा तो कंपनीला पडतो, आणि कधीकधी खुद्द कप्तानालाही.

कोस्टा कॉन्कॉर्डियाचं उदाहरण घ्या. १३ जानेवारी २०१२ ला संध्याकाळी सातच्या पुढे हे जहाज रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरातून निघालं. लांबी २९० मीटर, जहाजावर ४,२२९ माणसं. कप्तान फ्रांचेस्को स्केत्तिनोने ठरलेला मार्ग सोडून जहाज जिल्यो बेटाच्या अगदी कडेने न्यायचं ठरवलं. जहाजाचा हेड वेटर त्या बेटावरचा, म्हणून गावाला सलामी द्यायची. आपल्याकडे एसटीचा ड्रायव्हर ओळखीच्या घरासमोरून जाताना हॉर्न देतो, त्यातलाच प्रकार. अशी सलामी त्या जहाजाने आदल्या ऑगस्टमध्येही दिली होती आणि त्याचं कौतुक झालं होतं. या वेळी पावणेदहाच्या सुमारास जहाजाची डावी बाजू खडकाला घासली. पन्नास मीटरहून लांब चीर पडली, इंजिनखोलीत पाणी शिरलं, दिवे गेले.

पुढचा तास मला खडकाहून जास्त भयंकर वाटतो. प्रवाशांना सांगण्यात आलं की वीज गेली आहे, दुरुस्ती चालू आहे. काही कर्मचारी लोकांना खोल्यांत परत जायला सांगत होते. एका प्रवाशाने घरी फोन केला, घरच्यांनी प्रातो गावच्या पोलिसांना कळवलं, पोलिसांनी बंदराच्या तटरक्षक कचेरीला, आणि कचेरीने जहाजाला विचारलं की काय झालंय. जहाजावरून उत्तर आलं, ब्लॅकआउट. म्हणजे जहाज बुडतंय ही बातमी किनाऱ्यावर आधी पोहोचली ती कुणाच्या तरी घरच्यांकडून. जहाज सोडण्याचा हुकूम निघाला तेव्हा रात्रीचे १० वाजून ५४ मिनिटं झाली होती. तोवर जहाज एका अंगावर पडू लागलं होतं आणि वरच्या बाजूच्या लाइफबोटी खाली सोडणं अवघड झालं होतं. ३२ माणसं गेली.

स्केत्तिनोला १६ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तटरक्षक अधिकाऱ्याने त्याला फोनवरून जहाजावर परत जायला खडसावलं, ती टेप जगाने ऐकली, त्यातलं वाक्य टी-शर्टांवरही छापलं गेलं. कंपनी १० लाख युरोचा दंड भरून फौजदारी खटल्यातून मोकळी झाली. पळपुटा कप्तान ही गोष्ट सगळ्यांच्याच सोयीची होती. एक माणूस वाईट निघाला की व्यवस्था आपोआप चांगली ठरते.

पण त्या रात्रीचा एक तपशील असा आहे की ज्यात कप्तानाचा काही हात नव्हता. चिवितावेक्कियाला सुमारे सातशे प्रवासी नव्याने चढले होते आणि त्यांची आपत्कालीन कवायत झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी व्हायची होती. यात कुणी नियम मोडला नव्हता. प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत कवायत घ्यावी, असं तेव्हाचा आंतरराष्ट्रीय नियम सांगत होता. खडक अडीच तासांत आला. या सातशे माणसांना आपली जागा कुठल्या डेकवर, जॅकेट कुठल्या कपाटात, हे अंधारात शोधावं लागलं. पुढे नियम बदलला आणि २०१५ पासून जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी कवायत घेणं बंधनकारक झालं. समुद्रावरचे बहुतेक नियम असेच, कुणीतरी बुडाल्यावर लिहिलेले आहेत. टायटॅनिकनंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या जिवांच्या सुरक्षेचा सोलास करार झाला, तिथपासून हीच रीत.

कॉन्कॉर्डियाच्या पोटात दोनशेच्या आसपास भारतीय काम करत होते. वेटर, कुक, केबिन साफ करणारे. सर्वांत शेवटी सापडलेला मृतदेह त्यांच्यापैकीच एकाचा, मुंबईकडच्या एका वेटरचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये, म्हणजे अपघातानंतर दोन वर्षं दहा महिन्यांनी, जेनोआत जहाज मोडीत काढत असताना तो मिळाला. इथे थोडं थांबायला हवं, कारण क्रूझवरच्या संकटात प्रवाशाला वाचवणारा माणूस कोण असतो हे आपण नीट पाहिलेलंच नाही. ब्रिजवरचे, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतले, अधिकारी मूठभर. जिन्याच्या वळणावर उभं राहून 'इकडे या, धावू नका' म्हणणारा, केबिनचं दार ठोठावून आत कुणी राहिलं नाही ना पाहणारा, लाइफबोटीपाशी माणसं मोजणारा, हे सगळे एरवी चहा-कॉफी देणारे आणि चादरी बदलणारे असतात. मस्टर लिस्टमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे काम लिहिलेलं असतं. ते काम त्यांना किती येतं, यावर सगळं अवलंबून. इटलीच्या चौकशीत तिथेही ढिलाई आढळली. कर्मचाऱ्यांची आपत्कालीन तयारी कच्ची होती आणि जहाजाच्या कामाची भाषा सगळ्यांना समजत नव्हती.

याची दुसरी बाजू १९९१ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ दिसली होती. ओशनॉस नावाचं ग्रीक जहाज वादळात बुडायला लागलं. कप्तान आणि बरेच अधिकारी आधी निघून गेले. ब्रिजवर जाऊन रेडिओवरून मदत मागितली ती जहाजावरच्या गिटारवादकाने, आणि हेलिकॉप्टरला माणसं बांधून वर पाठवली ती करमणुकीसाठी ठेवलेल्या कलाकारांनी. ५७१ पैकी सगळे वाचले. हे चमत्कारासारखं वाटतं खरं, पण अशा चमत्कारावर भरवसा ठेवून तिकिटं विकता येत नाहीत.

आता कवायतीकडे परत येतो. २०२० मध्ये कोविडच्या निमित्ताने क्रूझ कंपन्यांनी नवी पद्धत काढली. फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर सुरक्षेचा व्हिडिओ पाहायचा, मग सवडीने आपल्या स्टेशनला जाऊन कार्ड स्कॅन करून घ्यायचं, झालं. गर्दी नको म्हणून तेव्हा ते योग्यच होतं. कोविड गेला, पण ही सोय बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे राहिली, कारण प्रवाशांना ती आवडली. बाजूने सांगतात तो मुद्दाही अगदीच टाकाऊ नाही. कंटाळलेल्या दोन हजार माणसांना उन्हात उभं करून लाउडस्पीकरवर जे ऐकवलं जातं ते कुणी ऐकत नाही. त्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या भाषेत, आपल्या वेळी व्हिडिओ पाहिला तर बरं.

मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण त्या थिएटरमध्येच सापडलं. व्हिडिओतून माहिती मिळते. एकत्र कवायतीत माणसाला स्वतःचं शरीर वापरावं लागतं. आपल्या केबिनपासून स्टेशनपर्यंत लिफ्टशिवाय किती जिने आहेत, गुडघेदुखीची आई किती वेळ घेते, कॉरिडॉर किती अरुंद होतो, व्हीलचेअर आली की रांग कशी अडते, हे भोंगा वाजल्यावर सगळे एकदम निघाले तरच कळतं. मुख्य म्हणजे कर्मचाऱ्यांना कळतं. एकेकटे सवडीने येणारे प्रवासी स्कॅन करून तो जिना सांभाळायचा सराव होत नाही. गर्दी हीच तर त्या परीक्षेतली प्रश्नपत्रिका आहे, आणि आपण ती वगळून परीक्षा घेतो.

आकडे पाहिले तर हे आणखी डोळ्यांत भरतं. २०२४ मध्ये प्रवासाला लागलेल्या आयकॉन ऑफ द सीज या क्रूझ जहाजावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून दहा हजारांच्या जवळपास माणसं मावतात. कणकवलीसारख्या गावातली निम्मी-अर्धी वस्ती म्हणा ना. नियम म्हणतो, जहाज सोडायचा हुकूम झाल्यापासून ३० मिनिटांत सगळ्या बोटी पाण्यात उतरल्या पाहिजेत. नियमावलीत एका लाइफबोटीला १५० माणसांची मर्यादा आहे, पण ओएसिस ऑफ द सीज हे जहाज आलं तेव्हापासून 'तितकीच सुरक्षा दाखवा, मग चालेल' अशा कलमाखाली ३७० माणसांच्या बोटी मंजूर झाल्या. ३७० माणसं जॅकेटं घालून एका बोटीत बसवायची! आमच्या तालुक्याच्या गावी ५० माणसं एका एसटीत बसवताना काय होतं ते मला माहीत आहे.

क्रूझ कंपन्या यावर म्हणतील, आणि खरंच म्हणतील, की प्रवाशांची संख्या पाहता क्रूझ हा फार सुरक्षित प्रवास आहे. मुंबईहून गोव्याला समुद्रातून जाण्यापेक्षा महामार्गाने जाण्यात जिवाला धोका जास्त, हे मान्य. पण रस्त्यावर अपघात रोज थोडे थोडे होतात. समुद्रावर वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एका रात्री सगळं एकदम होऊ शकतं. सरासरी काढून त्या रात्रीची तयारी करता येत नाही.

ती रात्र किती जवळून जाते, ते नॉर्वेत दिसलं. २३ मार्च २०१९ ला वायकिंग स्काय हे अवघं दोन वर्षांचं, सगळी प्रमाणपत्रं असलेलं जहाज हुस्ताद्विका नावाच्या खडकाळ पट्ट्यातून वादळात चाललं होतं. चार जनरेटर, त्यातला एक आधीच नादुरुस्त. उरलेल्या तिन्हींत वंगणाच्या तेलाची पातळी असायला हवी त्यापेक्षा कमी. शांत समुद्रात ते चालून गेलं असतं. लाटांनी जहाज खालीवर होऊ लागलं तसं टाकीतलं तेल इकडून तिकडे सरकलं, तेलाचा दाब पडला आणि एकामागून एक जनरेटर आपणहून बंद झाले. १,३७० च्या आसपास माणसं घेऊन जहाज खडकांकडे वाहत गेलं. खडकापासून जेमतेम जहाजाच्या एका लांबीइतकं अंतर उरलं असताना इंजिन सुरू झालं. हेलिकॉप्टरांनी ४७९ माणसं एकेक करून उचलली. नॉर्वेच्या चौकशी अहवालाने पुढे सांगितलं की नादुरुस्त जनरेटर घेऊन त्या हवामानात जहाजाने निघायलाच नको होतं. कारण काय, तर तेल. मोटरसायकलवालासुद्धा घाटात शिरण्यापूर्वी ऑइल बघतो.

जुलाब-उलट्यांच्या साथी, जहाजावरून कुणी पाण्यात पडणं, यांच्या बातम्या आपण वाचतोच. अमेरिकेने २०१० मध्ये कायदा करून कठड्याची उंची किमान ४२ इंच ठेवायला लावली. माणूस पडल्याचं टिपणारी यंत्रणा मात्र 'तंत्रज्ञान उपलब्ध असेल तितपत' असं म्हणून सोडून दिली. या 'तितपत'मध्ये कंपन्यांना हवी तेवढी जागा मिळते. बहुतेक क्रूझ जहाजांच्या शेपटावर बहामा, पनामा, बर्म्युडा असे झेंडे असतात आणि तपासाचा पहिला हक्क झेंड्याच्या, म्हणजे जहाजाची नोंदणी असलेल्या, देशाचा. हा विषय मोठा आहे, इथे नुसता नोंदवतो.

आता आपल्या दारात हे येऊ घातलंय. केंद्र सरकारचं क्रूझ भारत मिशन ३० सप्टेंबर २०२४ ला मुंबई बंदरातच सुरू झालं आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. मुंबईत नवं क्रूझ टर्मिनल उभं राहिलं. चांगली गोष्ट आहे. भाऊच्या धक्क्यावरून गोव्याची आगबोट बंद पडल्याला इतकी वर्षं झाली की 'बोट लागणं' म्हणजे काय, हे नव्या पिढीला समजावून सांगावं लागतं. पण आपल्या उत्साहाची जात मला थोडी ओळखीची आहे. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर आंग्रिया क्रूझ सुरू झाली, तेव्हा उद्घाटनालाच तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या पत्नी सेल्फीसाठी जहाजाच्या नाळेवर, सुरक्षेची हद्द ओलांडून बसल्या आणि पोलीस त्यांना मागे या म्हणून विनवत राहिले. टीव्हीवर आपण ते मजेत पाहिलं.

पाण्याशी आपलं नातं असं थट्टेचं असायचं कारण नाही. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट मुंबईच्या तोंडाशी उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या जुन्या घरांत अजून तिचं नाव निघतं. आणि १८ डिसेंबर २०२४ ला, म्हणजे क्रूझ भारत मिशनला तीन महिनेही व्हायच्या आत, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. पंधरा मृत्यू. नंतर गेटवेवर लाइफजॅकेटची सक्ती झाली. म्हणजे त्या दिवसापर्यंत जॅकेट घालणं ऐच्छिक होतं, मुंबईच्या इतक्या गजबजलेल्या धक्क्यावर!

तेव्हा माझी मागणी साधी आहे. भारतातल्या बंदरातून जे क्रूझ जहाज निघेल त्यावर झेंडा कुणाचाही असो, सगळ्या प्रवाशांची एकत्र, प्रत्यक्ष कवायत पूर्ण झाल्याशिवाय त्याला धक्का सोडू देऊ नये. नौवहन महासंचालनालयाने त्यासाठी न कळवता माणूस पाठवावा आणि कवायतीला किती वेळ लागला, किती जण आले नाहीत, हे लोकांना वाचता येईल असं प्रसिद्ध करावं. व्हिडिओ हवा तर दाखवा, मराठीत, कोकणीत, गुजरातीत दाखवा, पण भोंगा झाल्यावर पायांनी चालत यायला लावा. अर्धा तास बार बंद राहिल्याने कुणाची सुट्टी वाया जात नाही. आणि कर्मचाऱ्यांचा सराव त्यांच्या झोपेतून कापलेल्या तासांत घेतला जाऊ नये.

हे शेवटचं मी ऐकीव सांगत नाही. आमच्या वाडीतला एक पोरगा परदेशी क्रूझवर केबिन स्टुअर्ड आहे. आठ-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट करतो, साइन ऑफ झाला की गावी येऊन आंब्याला पाणी घालतो. गेल्या मे महिन्यात ओटीवर बसून त्याने माझ्या नातीला टॉवेलचा हत्ती करून दाखवला. दोन बाजू गुंडाळायच्या, मध्ये दुमडायचं, सोंडेसाठी दुसरा लहान टॉवेल. मिनिटभरात हत्ती उभा. मी विचारलं, हे शिकवतात का रे तिकडे?

"म्हणजे काय काका! हत्ती, माकड, बदक, सगळं. नीट आला नाही तर सुपरवायझर परत करायला लावतो."

"आणि लाइफबोट?"

"ती पण शिकवतात. सकाळी ड्रिल असतं, रात्री दीडला ड्युटी संपवून झोपलेला माणूस साडेनऊला जॅकेट घालून उभा राहतो. बोट खाली सोडायची असली की मात्र सगळे जपून असतात." जपून का, ते त्याने सांगायची गरज नव्हती. फेब्रुवारी २०१३ मध्ये कॅनरी बेटांतल्या ला पाल्मा बंदरात, थॉमसन मॅजेस्टी जहाजावर सरावाच्या वेळी लाइफबोटीची तार तुटली, बोट उलटी पाण्यात पडली आणि पाच कर्मचारी मेले. प्रवाशांना वाचवण्याच्या सरावात.

मी त्याला विचारलं, वेळ आली तर तुझी बोट कितवी? तो हसला. "काका, बोटीत सीट गेस्टची. माझं नाव राफ्टला आहे."

हेही नियमातच आहे. लांबच्या प्रवासाच्या जहाजावर लाइफबोटी एकूण माणसांपैकी ७५ टक्क्यांना पुरल्या तरी चालतं, बाकीच्यांसाठी फुगवायचे राफ्ट. ते बाकीचे बहुतेक वेळा कर्मचारी असतात.

"मग राफ्टमध्ये चढायचा सराव झालाय तुझा?"

"झालाय की. एसटीसीडब्ल्यूच्या, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांच्या ट्रेनिंगच्या कोर्सला, बोटीवर जायच्या आधी." नातीने हत्तीची सोंड सोडवून ठेवली होती, ती तो परत गुंडाळू लागला. "स्विमिंग पूलमध्ये."